कोणता पाय?

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात तिला पाठीमागे सगळे 'डावं-उजवं' म्हणत. तोंडावर मॅडम. हे नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून थोडंसं आवडतही होतं. एकवीस वर्षं ती एकच काम करत आली होती. घरी गेलेल्या पेशंटची फाईल उघडायची, डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं आणि जाडजूड पुस्तकातून त्याचा नेमका कोड शोधून चढवायचा. 'हात मोडला' एवढ्यावर भागत नाही. कोणता हात, कुठे मोडला, कशानं मोडला, हे सगळं लागतं. डॉक्टर मंडळी घाईत; कुणी नुसतं 'गुडघा' लिहून मोकळं होई. मग हिची गुलाबी चिठ्ठी फाईलला टोचून परत वॉर्डात जाई: 'डावा की उजवा? कृपया लिहावे.' एकदा एका सर्जननं वैतागून त्याच चिठ्ठीवर लिहून पाठवलं, 'मधला.' हिनं फाईल अडवून धरली ती धरलीच. तिसऱ्या दिवशी त्याला स्वतः जिना उतरून खाली यावं लागलं.

अशी ही बाई एकदा डावं-उजवं डोळ्यांनी दिसूनही मूग गिळून बसली. का बसली, ते सांगायचं तर तिच्या धाकट्या बहिणीपासून सुरुवात करावी लागेल.

धाकटीला घरात चिमणी म्हणत. वय बेचाळीस झालं तरी चिमणीच. थोरली अर्थातच ताई. चिमणीनं लग्न केलं नव्हतं; घरीच शिलाईचं मशीन टाकून कपडे शिवायची. ताईला नोकरी, नवरा, लिफ्टच्या इमारतीत तीन खोल्या. कुणी तराजू घेऊन बसलं असतं तर पारडं ताईचंच खाली गेलं असतं. पण अशा गोष्टी तराजूत कुठे मावतात?

गेल्या थंडीत आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ताईच्याच हॉस्पिटलात झालं. खोली मिळवण्यापासून रक्ताच्या रिपोर्टपर्यंत सगळीकडे ताई धावली. तिनं घरातली एक खोली रिकामी केली, आईला उठता-बसता यावं म्हणून उंच पलंग आणला, न्हाणीघरात धरायला दांडा ठोकून घेतला. घरी जायच्या दिवशी आई व्हीलचेअरवर बसली, शाल सारखी केली आणि म्हणाली, "मी चिमणीकडे जाते."

"अगं आई, तिच्याकडे लिफ्ट नाही. पहिला मजला चढायचा."

"एकदा चढले की झालं. मला कुठे रोज वर-खाली करायचंय? तिच्याकडे मला बरं वाटतं."

चिमणी शेजारी औषधांची पिशवी धरून उभी होती. तिनं खाली बघितलं. ताईला वाटलं, हसू लपवतेय.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "बरं झालं की. सुटलीस." हे 'सुटलीस' ताईच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. तो दांडा न्हाणीघरात तसाच राहिला. ताई त्यावर टॉवेल वाळत घालायला लागली.

त्यानंतर दर रविवारी ती फळं घेऊन चिमणीकडे जायची. खुर्चीत बसायची, दोन तास उंटावरून शेळ्या हाकायची. "उशी उंच ठेव. पाणी जास्त देत जा. ही गोळी जेवणानंतर." चिमणी "हो ताई, हो ताई" करत इकडून तिकडे फिरत असे. पडून राहून आईच्या टाचेला जखम झाली होती, ती बरी व्हायचं नाव घेत नव्हती. आई येईल त्याला सांगे, "चिमणीच्या हाताला गुण आहे हो. दुसऱ्या कुणी पट्टी बांधली की नुसती आग होते." ती दुसरी कोण, हे ताईला वेगळं सांगायला नको होतं. एकदाच तिनं पट्टी बांधली होती.

त्यात भर म्हणजे चिमणी बारीक झाली. चार महिन्यांत अशी काही उतरली की जुन्या कपड्यांना तिनं दोन्ही बाजूंनी टीप घातली. शेजारणी जिन्यात थांबवून विचारायच्या, "काय करतेस गं? कॉलेजातली दिसायला लागलीस!" ताईचं दहा वर्षं सकाळचं गरम पाणी आणि संध्याकाळचं चालणं सुरू होतं, आणि वजनाचा काटा जागचा हलत नव्हता. एका रविवारी तिनं न राहवून विचारलंच, "काय खातेस तरी काय?"

"काही नाही गं. वेळच होत नाही खायला."

हे चिमणी खरं सांगत होती. ताईला ती शेखी वाटली.

आईला पंचाहत्तर पूर्ण झाली त्या दिवशी चिमणीकडे सगळे जमले. मावशी, दोन चुलत बहिणी, शेजारीण. आईला नवा गाऊन घालून पलंगावर टेकून बसवलं होतं. चिमणी स्वयंपाकघरातून कपांचा ट्रे घेऊन आली, तेव्हा ताईला तिच्या चालण्याचा आवाज वेगळा ऐकू आला. एक पाऊल नेहमीसारखं, आणि दुसरं, टप्. ओली चप्पल आपटावी तसं. ती उजवा गुडघा जरा जास्तच उचलत होती, पायरी नसताना पायरी चढल्यासारखी. सतरंजीच्या कडेला तिची बोटं अडकली आणि ट्रेसकट ती आडवी झाली.

एकच धांदल उडाली. मावशी धावली, बहिणी धावल्या, आई पलंगावरून ओरडली, "माझ्या लेकराला काय झालं गं!" ताई खुर्चीतून उठली नाही. तिच्या तोंडून निघून गेलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, "झालं. वाढदिवस आईचा, पण बघायचं कुणाकडे? चिमणीकडे."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. मावशीनं वळून तिच्याकडे बघितलं. चिमणी मात्र कपांचे फुटलेले कान गोळा करत हसली. "नाही गं ताई. पंधरा दिवस झाले, हे पाऊल माझं ऐकतच नाही बघ." तिनं जमिनीवरच पाय लांब केले. डावं पाऊल टाचेवर टेकून झटकन वर झालं. उजवं तसंच पडून राहिलं, पिळून टाकलेल्या फडक्यासारखं. "वर हो म्हणते, तर होत नाही."

ताईच्या डोक्यात आपोआप पुस्तकाचं पान उघडलं. फूट ड्रॉप. पावलाचा पुढचा भाग उचलता न येणं. आणि त्याच्या पाठोपाठ जो विचार आला त्याची तिला नंतर फार लाज वाटली: आजार झाला तोसुद्धा हिला ठसठशीत नावाचा! ताईची कंबर नऊ वर्षं दुखत होती आणि तिच्या स्वतःच्या फाईलवर लिहिलेलं होतं, 'कंबरदुखी, कारण नमूद नाही.'

नसांच्या डॉक्टरांनी चिमणीला तपासण्यांसाठी तीन दिवस दाखल करून घेतलं. आईपाशी मावशी राहिली. ताई जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात डोकावली, तर तिथल्या सिस्टर आधीच चिमणीच्या प्रेमात पडलेल्या. "मॅडम, तुमची बहीण किती गोड हो! माझ्या ड्रेसची उसवलेली शिवण पडल्या पडल्या घालून दिली." दुसरी म्हणाली, "सख्ख्या बहिणी का? वाटत नाही बघा." कोणत्या अर्थानं वाटत नाही, हे ताईनं विचारलं नाही. जिने उतरताना तिनं तेच वाक्य दहा वेळा उलटंपालटं करून पाहिलं.

चौथ्या दिवशी चिमणी घरी गेली आणि तिची फाईल ताईच्या टेबलावर आली.

नातेवाइकाची फाईल दुसऱ्याकडे द्यायची, असा विभागाचा नियम होता. ताईलाही तो पाठ होता. तरी तिनं फाईल उघडली. नाव तेच आहे ना, एवढंच बघायला, असं तिनं स्वतःला सांगितलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'फूट ड्रॉप, उजवा.' शेवटच्या पानावर, घरी सोडतानाच्या कागदावर, कुणा झोप न झालेल्या शिकाऊ डॉक्टरच्या अक्षरात होतं, 'फूट ड्रॉप, डावा.' कारणाचा रकाना कोरा. खाली सूचना: 'डाव्या पायाचा स्प्लिंट बनवणे.' म्हणजे पाऊल वर उचलून धरणारा पट्ट्यांचा साचा.

या आजाराच्या कोडमध्ये सगळा खेळ शेवटच्या आकड्याचा असतो. एक म्हणजे उजवा, दोन म्हणजे डावा, नऊ म्हणजे कुणी सांगितलेलंच नाही. आणि कारण सापडलं असेल तर त्याचा वेगळा कोड त्याच्या जोडीला लावायचा. नुसतं 'पाऊल पडलं' म्हणणं म्हणजे नुसतं 'घर गळतं' म्हणण्यासारखं. कुठून गळतं ते कोण सांगणार? ताईचा हात सवयीनं गुलाबी चिठ्ठ्यांकडे गेला. 'डावा की' एवढं लिहून झालं आणि फोन वाजला. आईचा.

"चिमणी आली गं घरी. घर कसं भरल्यासारखं वाटतंय. तीन दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता."

"मावशी होती ना."

"होती. पण चिमणी ती चिमणीच. आणि ऐक, तू रविवारी येऊ नकोस हं. तू आलीस की तिला उठावं लागतं, चहापाणी करावं लागतं. तिला जरा आराम पडू दे."

"बरं," ताई म्हणाली.

फोन ठेवून तिनं पेन पुन्हा उचललं, पण चिठ्ठी पुढे लिहिली नाही. एकवीस वर्षं आपण अनोळखी माणसांच्या हातापायांसाठी डॉक्टरांशी भांडलो आणि आपल्या घरात आपण कोण, तर चहापाणी करावं लागणारी पाहुणी! तिनं चिठ्ठीचे चार तुकडे केले, फाईल मिटली आणि उठून शेजारच्या टेबलावर ठेवली.

तिथे पोस्टमास्तर बसायचे. पूर्वी पंचवीस वर्षं पोस्टात पत्रं लावायचं काम केलेले, म्हणून हे नाव. हात असा चाले की ताईच्या एका फाईलमागे त्यांच्या तीन व्हायच्या.

"माझ्या बहिणीची आहे," ताई म्हणाली. "नियमानं मला हात लावता येत नाही."

"काही विशेष बघण्यासारखं?"

"मी कशाला बघू?"

पोस्टमास्तरांनी शेवटचं पान उलटलं, दोनचा आकडा चढवला आणि फाईल गठ्ठ्यावर टाकली. ताईनं ते बघितलं. आणि स्वतःची पुढची फाईल उघडली.

दहा दिवसांनी चिमणीचा फोन आला. ती खिदळत होती. "ताई, तुमच्या हॉस्पिटलात माणसाला दोन पाय असतात हे कुणाला माहीत नाही का गं? स्प्लिंट आला. मस्त आहे, हलका आहे, पण डाव्या पायाचा! मी त्यांना म्हटलं, डावा माझा शहाण्यासारखा चालतोय. तर ते म्हणाले, कागदावर डावाच आहे. नवा कागद आणा, मग दोन आठवडे. आणि डॉक्टर रजेवर. तू बघशील का जरा?"

"बघते," ताई म्हणाली.

बघायला पाच मिनिटं लागली नसती. पण बघायचं म्हणजे फाईल काढायची, आणि फाईल काढली की पोस्टमास्तर विचारणार. चोराच्या मनात चांदणं. आज नको, उद्या बघू, असं करत दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास शेजारणीचा फोन आला. "ताई, लगेच या. दोघी पडल्या."

आईला न्हाणीघरात नेताना चिमणीचं पाऊल उंबऱ्याला अडकलं होतं. पडता पडता तिनं आईला अंगावर घेतलं, म्हणून आईला खरचटलंसुद्धा नाही. पण चिमणीच्या अंगात तिला उचलायची ताकद नव्हती आणि बाहेरच्या दाराला आतून कडी. ओल्या फरशीवर दोघी सव्वा तास बसून होत्या. चिमणी प्लास्टिकच्या मगानं भिंत बडवत राहिली. शेवटी शेजारणीला ऐकू गेलं, आणि खालच्या मजल्यावरच्या सुतारानं येऊन कडी काढली.

ताई धापा टाकत जिना चढून आली तेव्हा आई पलंगावर डोळे मिटून पडली होती. तिचे ओठ थरथरत होते. चिमणी खुर्चीत होती. कपाळावर टेंगूळ, मनगट सुजलेलं. उजव्या पायाला तिनं शिलाईतलं रुंद इलॅस्टिक बांधलं होतं: बोटांपासून निघून गुडघ्याखाली पट्ट्याला अडकवलेलं, पाऊल वर ओढून धरणारं.

"बघ माझी कारागिरी," ती म्हणाली. "दोन दिवस छान चाललं. आज ओलं होऊन सैल पडलं."

ताईला तिच्या तोंडाकडे बघवेना. तिनं मनगटाला बर्फ लावला, आईला कोरडे कपडे घातले. मग त्या ओल्या फरशीवर फडकं फिरवत बसली, कोरडी झाल्यावरसुद्धा.

दुसऱ्या दिवशी चुकीच्या स्प्लिंटची तक्रार रेकॉर्ड विभागात येऊन थडकली. विभागाच्या साहेबांनी पोस्टमास्तरांना आत बोलावलं. ते बाहेर आले ते हातात मेमो घेऊन. जागेवर बसले, चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

"पोस्टात एक पत्र चुकीच्या घरी गेलं नाही माझ्या हातून," ते म्हणाले. "आणि इथे माणसाचा पाय चुकला."

थोड्या वेळानं साहेबांनी तिलाही बोलावलं आणि चिमणीची फाईल समोर सरकवली. "मॅडम, ही तुम्हीच नीट करा. नियमाचं मी बघतो, तशी सही देतो. डावं-उजवं तुमच्याशिवाय इथे कुणाला कळतंय?"

फाईल जागेवर आणून तिनं पहिल्यांदाच पान न् पान वाचली. मधल्या पानांत नसांच्या डॉक्टरांच्या हातची नोंद होती. अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण ताईला असली अक्षरं लागायची. 'चार महिन्यांत वजन चौदा किलोनं कमी. जेवण दिवसातून एकदा, कधी तेही नाही. रोज दोन-अडीच तास उकिडवं बसून आईच्या टाचेची मलमपट्टी, पाय चोळणे. उरलेला वेळ उजवा पाय डाव्या गुडघ्यावर टाकून हातशिलाई. उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला वळसा घालून जाणारी नस दबली आहे. मांस झडल्यामुळे नसेला आधार उरलेला नाही.'

म्हणजे कारण तिथेच होतं. फक्त शेवटच्या पानावर कुणी उतरवलं नव्हतं. आणि जे बारीक होणं ताईच्या डोळ्यांत खुपत होतं, ते हे होतं.

त्याखाली व्यायाम शिकवणाऱ्या बाईंची नोंद होती. त्यांना पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहायची सवय असावी. 'घरी मदतीला कोण? थोरली बहीण आहे. तिला विचारलं का? पेशंट म्हणते: "नाही. तिनं आईसाठी खोली सजवली होती, आई गेली नाही. तेव्हापासून ती आमच्याकडे पाहुण्यासारखी बसते. कोणत्या तोंडानं मागू?" पुढे हसून म्हणाली: "खरं सांगू? मला तिचा हेवा वाटतो. दोन तास झाले की ती उठून आपल्या घरी जाते."'

ताईला आधी रागच आला. परक्या बाईला सांगितलं, मला नाही! मग तिनं ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा अक्षरं दिसेनात. शेजारी पोस्टमास्तर मेमोचं उत्तर लिहीत होते. एक ओळ लिहायचे, खोडायचे. ताईनं डोळे पुसले, फाईल उचलली आणि म्हणाली, "चला माझ्याबरोबर आत."

"साहेब," ती आत जाऊन म्हणाली, "मेमो यांचा नाही. माझा आहे."

साहेब गोंधळले. "तुम्ही फाईल बघितली होती?"

"पहिलं पान आणि शेवटचं. दोन्हीकडे वेगळा पाय होता. चिठ्ठी लिहायला घेतली आणि फाडून टाकली."

"नियमामुळे, ना? नात्यातली म्हणून?"

"नाही साहेब. नियम मी आडवा धरला. मला तिचा मत्सर वाटत होता."

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. मेमोच्या छापील कागदावर असल्या कारणाला जागा नसते. "मी 'दुर्लक्ष' असं लिहितो," ते म्हणाले.

"दुर्लक्ष नव्हतं, साहेब. माझं पूर्ण लक्ष होतं."

शेवटी साहेबांनी काय लिहिलं ते ताईनं वाचलं नाही, नुसती सही केली. त्या वर्षीची तिची बढती गेली. पोस्टमास्तर आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी एक फाईल तिच्यापुढे धरली आणि कोरडेपणानं विचारलं, "हा खांदा कोणता वाचता तुम्ही?" आणि तिनं सांगितलं.

सही केली त्याच दुपारी ताई डॉक्टरांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. ते रजेवरून त्याच दिवशी आले होते. तिनं त्यांच्याकडून शेवटचं पान नव्यानं लिहून घेतलं: उजवा पाय, दबलेली नस, दबण्याचं कारण. दोन्ही कोड चढवले. कागद स्वतः वर्कशॉपमध्ये नेला आणि तिथल्या माणसाच्या डोक्यावर बसून तीन दिवसांत स्प्लिंट बनवून घेतला.

तो घेऊन ती चिमणीकडे गेली. आई झोपली होती. ताईनं खाली बसून चिमणीच्या पायाला स्प्लिंट लावायला घेतला आणि पट्टा ओढता ओढता सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी, फोन, तुकडे. काहीच हातचं राखलं नाही.

चिमणीचं हसू हळूहळू मावळलं. "म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"मी फोन केला तेव्हाही?"

"हो."

"आणि त्या दिवशी आईचं हाड पुन्हा मोडलं असतं तर?"

ताई पट्टा पुन्हा ओढायला लागली. चिमणीनं वाकून तिच्या हातातून पट्टा काढून घेतला आणि सुजलेल्या मनगटाच्या हातानं स्वतःच बांधला. मग म्हणाली, "ताई, आज तू जा."

ताई गेली. जिन्यात शेजारीण भेटली, "लगेच निघालात?" म्हणाली. ताई नुसतीच हसली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. फळं आणली नव्हती. चिमणीनं दार उघडलं, आत ये म्हणाली नाही आणि अडवलंही नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "टाचेची पट्टी करायची आहे. शिकायची असेल तर बस. स्टुलावर बस, उकिडवं बसायचं नाही."

आई उशीवरून म्हणाली, "हिला जमेल का?"

ताईची जुनी असूया जागी झालीच. ती काय एका दिवसात जाते? पण तिनं कापूस ओला केला. आई "आई गं" म्हणाली, "जरा हळू," म्हणाली, "चिमणीचा हात हलका," म्हणाली. चिमणी बाजूला उभी राहून नुसती सांगत होती, आतून बाहेर पूस, ओढू नको. पट्टी वाकडी बसली. चिमणीनं ती सोडली आणि पुन्हा तिलाच बांधायला लावली.

महिनाभर दोघींचं बोलणं मलम, कापूस आणि गोळ्या एवढंच होतं. नंतर केव्हातरी चिमणी एकदा हसली, ताईनं औषधाऐवजी चष्मा पुसायचं पाणी कापसावर ओतलं तेव्हा. ताई आता कामावरून थेट तिकडेच यायची आणि आईचं सगळं आवरून आठला घरी जायची. रविवार पूर्ण तिचा. नवरा म्हणाला, "अडकलीस की गं." ती म्हणाली, "हो." चिमणी दोन वेळा जेवायला लागली, दुपारी झोपायला लागली. चौथ्या महिन्यात उजव्या पायाचा अंगठा बोटभर वर झाला. सहाव्या महिन्यात पाऊल. पूर्ण नाही, पण घरात स्प्लिंटशिवाय चालण्याइतपत.

त्यानंतरच्या एका रविवारी चिमणी मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेली. आई दुपारची झोपून उठली आणि म्हणाली, "चिमणी?"

"बाहेर गेलीय. सिनेमाला."

"कोणत्या?"

"माहीत नाही. मैत्रीण आली होती, दोघी गेल्या."

आईनं उशी सारखी केली. मग म्हणाली, "तुला नाही गं म्हणाली, चल म्हणून?"

"नाही."

"तुला जायचं होतं?"

ताईनं घडी घालायला घेतलेली चादर हातातच धरली. "होतं," ती म्हणाली.

"मग पुढच्या वेळी तू जा. तिला म्हणावं, बस माझ्यापाशी." आईनं पांघरुणाबाहेर पाय काढला. "आणि आता मोजे घाल बाई, गार पडलेत पाय."

ताईनं चादर खुर्चीवर टाकली आणि स्टूल पलंगाजवळ ओढलं.